कोरी हवा

आमच्या प्रयोगशाळेत वास मोजतात. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग नकळत आपली बाही नाकाशी नेतो. म्हणून मी पुढचं वाक्य लगेच सांगून टाकते: आम्ही माणसांचा वास मोजत नाही. एखाद्या कारखान्याच्या किंवा कचराडेपोच्या शेजारी राहणाऱ्यांनी तक्रार केली, की तिथली हवा मोठ्या पारदर्शक पिशवीत भरून आमच्याकडे येते. ती स्वच्छ हवेत मिसळून आधी अगदी पातळ करायची, मग थोडी थोडी दाट करत न्यायची. यंत्राभोवती चार माणसं बसतात. प्रत्येकासमोर काचेचे तीन पेले. त्यातल्या एकातूनच ती पिशवीतली हवा येते, उरलेल्या दोनांतून कोरी. कोणत्या पेल्यात वास आहे ते नाक लावून ओळखायचं आणि बटण दाबायचं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्या बटण दाबणाऱ्यांवर लक्ष ठेवते.

'कोरी हवा' हा आमचा घरगुती शब्द. बाहेरची हवा कोळशाच्या थरांतून गाळली की तिच्यात वास म्हणून काही उरत नाही. आमचा दिवस तिच्यापासूनच सुरू होतो. तिन्ही पेल्यांत कोरी हवा सोडायची आणि चौघांनी "काही नाही" म्हणायचं. एकालाही काही आलं, तर काम थांबतं. बाकीचे सगळे आकडे या 'काही नाही'च्या पायावर उभे असतात.

त्यामुळे नियम कडक. वासाचा साबण नको, तेल नको, कामाआधी चहा नको, फुलं तर नकोतच. "बायका सासुरवास म्हणतात तो हाच," असं बसकाका म्हणायचे. बसकाका म्हणजे निवृत्त बसचालक. इंजिन गरम झालं की धूर दिसायच्या आधी त्यांना कळायचं. दुसऱ्या शिलाईताई, कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवणाऱ्या. तिसरे गुरुजी, जे शाळेत आयुष्यभर इतकं बोलले की आता फारसं बोलत नाहीत. आणि चौथी माझी आई, सगळ्यांत जुनी. मी शाळेत होते तेव्हापासून ती इथं नाक लावते. मी नोकरीला लागले तेव्हा बसकाका म्हणाले होते, "वशिला नाकावाटे आत शिरला."

आईचं नाक दिसायलाही सुरेख आहे. सरळ, निमुळतं, टोकाशी किंचित पुढे झुकलेलं. आपल्याकडे अशा नाकाला चाफेकळी म्हणतात, आणि आईला हे तिच्या लग्नापासून ऐकून ऐकून कंटाळा आला होता. तरी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात तिने लावलं ते सोनचाफ्याचंच झाड. बी ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडेच्या आठवडे जपलं, रोप आलं, कुंडीतून जमिनीत गेलं, छपरापर्यंत वाढलं. फुललं मात्र कधीच नाही. बियांपासून वाढवलेला सोनचाफा वर्षानुवर्षं फुलत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या बायका पानं ओळखून कुंपणाशी थांबायच्या. "फुलतो का हो?" त्या विचारायच्या, आणि नाही म्हटलं की चुकचुकायच्या, एखाद्याच्या घरी पाळणा हलत नाही म्हणून चुकचुकावं तशा.

मॅडम, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांनी ते झाड एका अटीवर राहू दिलं होतं. "फुलला की तोडायचा. वासाच्या प्रयोगशाळेत सोनचाफा म्हणजे वाचनालयात ताशा."

"नाही फुलणार," आई म्हणायची. "समजूतदार आहे तो."

त्या वर्षी आईला ताप आला. चारचौघांना येतो तसाच, आणि गेलाही. जाताना तिचा वास घेऊन गेला.

सकाळी दूध करपलं, धूर झाला, आणि ती ओट्याशेजारी उभी राहून भांडी पुसत होती. मी धावत आत आले तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी का धावते आहे हे तिला कळलंच नव्हतं. मग तिची नजर भांड्याकडे गेली. तिने फडकं खाली ठेवलं आणि खुर्चीत बसली.

"येईल परत," मी म्हणाले. नाकाच्या वरच्या भागातल्या चेतापेशी पुन्हा उगवतात, शरीरात हे फार कमी ठिकाणी होतं, वगैरे तिला समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "किती दिवसांत?" तिने विचारलं.

नाकाचा व्यायाम असतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा बाटल्या रोज हुंगायच्या आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ समोरासमोर बसून ते करायचो. घरात आम्ही दोघीच. ती डोळे मिटून बाटली नाकाशी धरायची, आणि काही वेळाने मान हलवायची. आठवडे गेले, महिने गेले. जीभ गोड-खारट सांगायची, पण खाण्याची चव म्हणून आपण जे म्हणतो ते जवळजवळ सगळं नाकच सांगत असतं. "पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं गं," ती म्हणायची. आधी तिने दोन घास कमी केले. मग एक वेळचं जेवण. मग मी समोर बसले तरच, आणि मी उठले की ताट सरकवलेलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. गळ्याशी हाडं दिसायला लागली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळ्या ठीक आल्या. तिला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "वास गेल्याने कुणी जात नाही. पण त्यांनी मनातून खाणं सोडलंय. असंच चाललं तर मला पुढचं चांगलं काही सांगता येणार नाही." मी त्यांना धन्यवाद म्हणाले. माणूस सवयीने काय काय म्हणतो.

आई प्रयोगशाळेत येत राहिली. मॅडमनी तिला नाही म्हटलं नाही. पिशव्या धुणं, पेले पुसणं अशी कामं तिने स्वतःच ओढून घेतली. तिच्या खुर्चीवर बदली माणूस बसायला लागला.

आणि त्याच सुमाराला झाडाला कळ्या आल्या.

पानांच्या बगलांतून निघालेल्या, हिरवट, रेशमी लव असलेल्या, पुढच्या टोकाला निमुळत्या. मॅडमनी खिडकीतून पाहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. त्यांना आईचं वाईट वाटत होतं. तरीही काम ते काम. "आईंना तू सांगतेस, की मी सांगू?"

आईने ऐकून घेतलं. "झाड का तोडायचं? कळ्या खुडते मी. फुलला नाही म्हणजे झालं ना?"

त्या दिवसापासून ती रोज सकाळी स्टूल घेऊन अंगणात जायची. हाताला येतील त्या कळ्या खुडायची, वरच्यांसाठी आकडी लावलेली काठी. खुडलेली कळी ती तशीच टाकत नसे. नखाने तिचं आवरण सोलायची, आतल्या घट्ट मिटलेल्या, फिकट पाकळ्या एकेक उलगडायची आणि नाकाशी न्यायची. इतकी वर्षं मिळेल ते हुंगायची सवय. हाताला ती थांबवता येत नव्हती. दुसऱ्या कुणी ती कळी नुसती टोपलीत टाकली असती.

"अगं, उमलल्याशिवाय कळीत वास तयारच होत नाही," मी एकदा सांगितलं. "यात मलाही काही येत नाहीये."

"माहितेय," ती म्हणाली, आणि पुढची कळी सोलायला घेतली.

झाडाचा तो पहिलाच बहर. त्यातली एकही कळी तिने उमलू दिली नाही आणि एकही हुंगल्याशिवाय टाकली नाही. शेवटची अगदी शेंड्याला होती. ती काढताना मी स्टूल धरून उभी होते. आईचे पाय काठ्यांसारखे झाले होते. ती खाली उतरली, कळी उघडली, बराच वेळ नाकाशी धरून राहिली. मग तिने पाकळ्या मुठीत बंद केल्या आणि आत निघून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. बदली माणूस आला नाही. सकाळच्या कोऱ्या हवेच्या तपासणीला चौथं कुणीतरी हवंच, नाहीतर यंत्र पुढे सरकत नाही. मी आईला म्हटलं, तू नुसती बस. निकालात तुझं बटण धरणार नाही. ती आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. खोली नेहमीसारखीच: पांढऱ्या फरशा, पडदा नाही, खिडकीची काच कायमची बंद, छतातून सतत येणारा हवेचा बारीक आवाज. मी तिन्ही पेल्यांत कोरी हवा सोडली.

बसकाकांनी पहिल्या पेल्याला नाक लावलं आणि बाजूला केलं. "कोण फुलं माळून आलंय?"

कुणीच नाही.

"चाफा आहे," शिलाईताई म्हणाल्या. "अगं बाई, किती छान! आमच्या जुन्या घराच्या दाराशी होता असा."

गुरुजींनी नुसती मान डोलावली. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी यंत्राकडे पाहत होते, चूक कुठे झाली ते शोधत. त्यामुळे आईकडे माझं लक्ष उशिरा गेलं. तिने दोन्ही हातांनी पेला धरला होता, तहानलेल्या माणसाने धरावा तसा.

"येतोय," ती म्हणाली. "अगं, मला येतोय."

त्या क्षणाबद्दल मी आजही आभारी आहे. कुणाची, ते मला लिहिता येत नाही, पण पुढचं सगळं लिहिताना हे आधी लिहून ठेवते. दुपारी आईने माझ्या डब्यातलं उरलेलं खाल्लं, मग बसकाकांच्या डब्यातलं. बसकाका आपला रिकामा डबा सगळ्यांना दाखवत फिरत होते. "लुटलं! भरदिवसा लुटलं वहिनींनी!" त्यांचे डोळे भरलेले होते.

आनंद एका बाजूला ठेवून मी यंत्र उघडलं. कोऱ्या हवेला वास येणं म्हणजे आमच्या धंद्यात जमीन हलणं. मी कोळसा बदलला, नळ्या बदलल्या, पेले भट्टीत तापवून घेतले, छतावर चढून हवा घेण्याचं तोंड तपासलं. अंगणात जाऊन झाडाची फांदी न् फांदी पाहिली. एकही कळी नव्हती. खुडलेल्या जागांवर बारीक तपकिरी खपल्या धरल्या होत्या. एका फांदीभोवती पिशवी बांधून मी हवा काढली, यंत्राला लावली. पानांचा किंचित वास, बस. दुसऱ्या दिवशी पेल्यांत पुन्हा चाफा. तिसऱ्या दिवशी आई डॉक्टरांकडे गेली होती, तिच्या खुर्चीवर बदली माणूस बसला, तर तिन्ही पेले स्वच्छ. मी सुटकेचा श्वास टाकला. दुपारी आई आली, हातात धुतलेल्या पिशव्या घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली, आणि बसकाका पेल्यातून नाक न काढताच म्हणाले, "आला बघ परत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वास पेल्यात कधी नव्हताच. पेल्याला नाक लावलेलं असताना माणूस एरवी घेत नाही इतका नीट श्वास घेतो, एवढंच. मी आईजवळ गेले, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायचे तसं. बिनवासाच्या साबणाचा, सुती कापडाचा, आणि त्याखाली तिचा स्वतःचा असा तो ओळखीचा वास मी शोधत होते. तो नव्हता. त्या जागी गडद, गोडसर, थोडा चहाच्या पत्तीसारखा, थोडा पिकलेल्या फळासारखा सोनचाफा होता. त्वचेवर लावलेल्या अत्तरासारखा नाही. आतून येत होता.

"काय गं?" आई म्हणाली.

"काही नाही. बरं वाटतंय ना?"

"इतकं बरं मला कधी वाटलंच नव्हतं."

मी एकच प्रयोग केला. आईला नवे, कोऱ्या हवेत वाळवलेले कपडे दिले, बंद काचेच्या खोलीत बसवलं आणि तिच्याभोवतीची हवा पिशवीत भरली. चाफा कुठून येतोय ते शोधतेय, असं तिला सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्यातली अर्धी हवा मी नळीत साठवून माझ्या एका मैत्रिणीकडे पाठवली. ती दुसऱ्या संस्थेत आहे आणि तिच्याकडे हवेतला एकेक घटक वेगळा काढणारं यंत्र आहे. माणसांना भास होतात. यंत्रांना होत नाहीत.

तिचा फोन दोन दिवसांनी आला. "काय सुंदर नमुना पाठवलास गं! सोनचाफाच आहे, शंकाच नको. हे कसं केलंस? झाडावर चढून?"

"का?"

"अगं, तोडलेल्या फुलाचा वास वेगळा येतो. काही घटक तोडल्यावर लगेच घटतात, काही वाढतात. तुझ्या नमुन्यात तसं काहीच नाही. हे फूल देठावर जिवंत आहे." मग तिने स्वतःलाच दुरुस्त केलं. "फूल नाही, फुलं. पुष्कळ असणार. झाड दाखव ना मला एकदा."

मी तिला म्हटलं, दाखवते. अजून दाखवलेलं नाही.

मॅडमना सांगणं भाग होतं. कारण न सांगता एवढंच म्हणाले, की कोरी हवा बिघडते ती आईमुळे. मॅडम जवळ आल्या, आईच्या खांद्याशी झुकल्या, आणि क्षणभर तिथेच राहिल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "आई, तुम्हाला आता आत घेता येणार नाही. माफ करा मला."

"माफ काय करायचंय?" आई हसायला लागली. "झाड ठेवा म्हणजे झालं. मला काढा."

आई घरी राहिली आणि भरत गेली. दुसरा शब्द मला सुचत नाही. गालांवर रंग आला, केसांना चमक आली, बांगड्या मनगटाशी परत आल्या. वासांची तर रांगच लागली: साबण, पाऊस पडून गेलेला रस्ता, माझ्या कपड्यांना लागलेला कारखान्याचा भपकारा. "आधी आंघोळ!" ती दारातच ओरडायची. ते ओरडणं ऐकायला मी मुद्दाम कपडे न बदलता यायचे. जिन्यात भेटणारे शेजारी विचारायचे, तुमच्याकडे चाफा कुठाय हो? दोन मजले खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या काकू रोज काठी टेकत वर यायच्या आणि आईजवळ नुसत्या बसून राहायच्या. "इथं आलं की कुणीतरी आपल्याला विसरलेलं नाही असं वाटतं," त्या एकदा मला म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" आईने त्यांनाही खुदकन हसून दाखवलं.

काही बारीक गोष्टी मी पाहत होते. ती पाणी फार प्यायची. सकाळी उन्हाची तिरीप जिथे पडेल तिथे खुर्ची ओढून घ्यायची आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची. म्हातारपणी ऊन बरं वाटतंच.

मग भुंगेरे यायला लागले. बारीक, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढे. संध्याकाळी खिडकीच्या जाळीवर बसायचे, सकाळी आईच्या उशीवर सापडायचे. चावत नव्हते, कापड कुरतडत नव्हते. आई त्यांना फुंकर मारून उडवायची. "गुदगुल्या करतात मेले." मी एक डबीत घालून प्रयोगशाळेत नेला आणि भिंगाखाली धरला. त्याच्या पायांना पिवळी पूड चिकटली होती. परागकण, होडीच्या आकाराचे. चाफ्याच्या कुळातल्या फुलांचे असतात तसे.

सोनचाफा वास सोडतो तो भुंगेऱ्यांसाठी. ते एका झाडाचे पराग अंगावर घेऊन वासाच्या मागावर दुसऱ्या झाडाकडे जातात. आमच्या आसपास दुसरा सोनचाफा मला माहीत नाही. कुठेतरी असणार. ते लांबून येत होते.

मी त्या खिडकीला आणखी बारीक जाळी लावू शकले असते. बाजारात मिळते. मी दुकानापर्यंत जाऊन परत आले. ताट पुसून खाणारी, मला रागावणारी, जिवंत आई मला परत मिळाली होती. ज्या कशाने ती दिली, त्याच्या वाटेत जाळी लावायचं धैर्य मला झालं नाही. भीती म्हणा हवं तर. मला स्वतःला ते आभार मानण्यासारखंच वाटलं होतं.

फुलांचा हंगाम सरला तसा वासही ओसरला. आधी जिन्यातून गेला, मग खोलीतून, मग उशीवरून. भुंगेरे यायचे थांबले. खालच्या काकू दोनदा येऊन, जरा बसून, परत गेल्या. एका सकाळी मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर तिथे साबण होता, सुती कापड होतं आणि माझी आई होती. मी तशीच बराच वेळ राहिले. तिचं स्वतःचं नाक शाबूत होतं. वजन वाढतच होतं. संपलं, असं मला वाटलं, आणि एवढ्यावर सुटलो म्हणून मी मनोमन हात जोडले.

मॅडमनी तिला परत बोलावलं. आज सकाळी ती आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. शिलाईताईंनी तिला मिठी मारली. बसकाकांनी डबा खुर्चीखाली लपवल्याचं नाटक केलं. गुरुजी उठून उभे राहिले, जे ते कुणासाठी करत नाहीत. मी तिन्ही पेल्यांत कोरी हवा सोडली. एकेकाने नाक लावलं. काही नाही, काही नाही, काही नाही. आणि आईनेही.

"चला, लागा कामाला," बसकाका म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "हे काय नवीन?"

बंद काचेच्या बाहेर, कठड्यावर पक्षी बसले होते. तांबट, बुलबुल, दोन कोकिळा, एकमेकांना खेटून. एरवी हे असे एका ओळीत बसत नाहीत, आणि गप्प तर नाहीतच.

"हे होय?" आई म्हणाली. "घरी पण येतात चार दिवस झाले. दाणे टाकले, फळं ठेवली, शिवत नाहीत. नुसते बसून राहतात बिचारे."

मी अंगणात डोकावले. झाड तसंच उभं होतं, हिरवंगार. त्याच्या फांद्यांवर एकही पाखरू नव्हतं. सोनचाफ्याकडे पक्षी येतात, हे खरं आहे. पण ते फुलांसाठी नाही. वासाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. ते नंतर येतात, फळं धरल्यावर, आणि ती पिकून उकलेपर्यंत थांबतात. आत लाल बिया असतात.

मी पहिली पिशवी यंत्राला लावली. आईच्या तोंडावर ऊन येत होतं, तरी ती छतातल्या हवेखाली गार वाटतंय म्हणून उठली आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर, उन्हाच्या आणखी जवळ, जाऊन बसली. काचेबाहेरच्या सगळ्या माना तिच्याबरोबर वळल्या.